मायक्रो पॅनेलच्या १ स्टार रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, दुकानाचा मालक मीच आहे आणि हे उत्तर मी स्वतः टाईप करतोय. रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज सकाळी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, बिल काढून बघितलं आणि मगच लिहायला बसलोय.

तुम्ही लिहिलंय की आमच्याकडून ब्लॅकमॅजिकचं मायक्रो कलर पॅनेल (व्हिडिओचे रंग हाताने दुरुस्त करायचा कंट्रोल बोर्ड) नेलं, घरी लावलं तर प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चालेचना, मग रिझॉल्व्ह ह्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसून एक लग्न ग्रेड केलं, म्हणजे त्याचे रंग जुळवले, तर मास्क (चित्राचा ठराविक भाग निवडणं) आणि कर्व्हसाठी (उजेड-रंगाचा आलेख) माउसच धरावा लागला, आणि एवढं करून क्लायंटच्या टीव्हीवर फिल्म हिरवट दिसली. परत द्यायला आलात तर सील फुटलंय म्हणून घेतलं नाही.

पहिली गोष्ट सरळ आमची चूक आहे. ब्लॅकमॅजिकची पॅनेलं फक्त दाविंची रिझॉल्व्हबरोबर चालतात, प्रीमियर किंवा फायनल कटमध्ये नाही. आमच्या मुलाने तुम्हाला विचारलं होतं "रिझॉल्व्ह वापरता ना?" आणि तुम्ही हो म्हणालात, त्यात तुमचं काहीच चुकलं नाही कारण फ्री व्हर्जन तुमच्याकडे आहेच आणि अधूनमधून तुम्ही ते उघडता. विचारायला पाहिजे होतं ते वेगळंच, की रोजचं काम कुठे होतं, टाइमलाइन कुठे कापता, टायटल कुठे लावता, फायनल एक्सपोर्ट कुठून मारता. हे विचारलं असतं तर ३ मिनिटांत कळलं असतं की तुमचं सगळं प्रीमियरमध्ये आहे आणि हे पॅनेल तुमच्यासमोर ठेवायलाच नको होतं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

प्रीमियरवाल्यांसाठी टँजंटचं रिपल आहे. त्यातही ३ ट्रॅकबॉल (बोटांनी फिरवायचे गोळे), प्रत्येक बॉलभोवती डायल, रिसेटची बटणं आणि तुम्हाला हवं ते काम लावता येईल अशी ए आणि बी ही २ बटणं. यूएसबीने लागतं, टँजंट हब नावाचं सॉफ्टवेअर आधी टाकायचं आणि मग लुमेट्रीची, म्हणजे प्रीमियरमधल्या रंगाच्या टूलची, शॅडो, मिडटोन, हायलाइटची (गडद, मधल्या, उजळ भागांची) चाकं थेट बॉलवर येतात. रिपल रिझॉल्व्हमध्येही चालतं, पण त्यावर नॉब कमी, त्यामुळे जो माणूस दिवसभर रिझॉल्व्हमध्येच बसतो त्याला मी ते देत नाही, त्याला मायक्रोच बरं.

आता मास्क आणि कर्व्हचं. मायक्रोवर ३ बॉल आणि वर १२ नॉब आहेत. कॉन्ट्रास्ट, पिव्हट, सॅचुरेशन, शॅडो, हायलाइट, मिडटोन डिटेल असं सगळं प्रायमरीचं, म्हणजे अख्ख्या चित्राचं, काम त्यावर होतं. पण पॉवर विंडो (रिझॉल्व्हचे मास्क), क्वालिफायर (रंगावरून भाग निवडणं), कर्व्ह ह्यासाठी माउस लागतोच, तो काही तुमच्या पॅनेलचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. ती कामं हातावर हवी असतील तर मिनी पॅनेल, त्याला ५ इंचाच्या २ स्क्रीन असतात आणि त्यांच्याभोवतीची बटणं आणि नॉब तुम्ही उघडाल त्या टूलप्रमाणे बदलतात. पण किंमत कितीतरी वर जाते आणि लग्नाच्या कामाला मी तरी ते कुणाला घ्या म्हणणार नाही. का ते सांगतो. मी दुकान टाकायच्या आधी बरीच वर्षं लग्नंच एडिट केली. एका लग्नात चारशे-पाचशे क्लिप येतात आणि त्यातल्या बहुतेकांना फक्त बॅलन्स लागतो. हॉलमध्ये एका बाजूला ट्यूबलाइट, स्टेजवर एलईडी, दारातून ऊन, मांडवाच्या लाल कापडाचा रंग सगळ्यांच्या तोंडावर, आणि हळदीच्या शॉटमध्ये तर नवरीचा चेहरा, हात, साडी सगळं पिवळं, त्यात कातडीचा रंग कुठला आणि हळद कुठली हे शोधत बसावं लागतं. अशा वेळी माउसने एका वेळी एकच चाक फिरतं, गॅमा (मधले टोन) हलवला की गेन (उजळ भाग) बिघडतो, मग पुन्हा तिकडे जा. बॉलवर दोन्ही हात असले की गॅमामधून हिरवा काढता काढता दुसऱ्या हाताने गेन सावरता येतो आणि मुख्य म्हणजे नजर चित्रावरून हलत नाही. एका क्लिपला १० सेकंद वाचले तरी ४०० क्लिपला तासाभराच्या वर जातं ते. पॅनेलचा फायदा म्हणाल तर हा एवढाच आहे, आणि हात बसायला २-३ आठवडे जातात, पहिल्या लग्नात माउसपेक्षा हळूच काम होतं, माझंही तसंच झालं होतं. हेही विकताना सांगायला हवं होतं.

हिरव्या रंगाचं मात्र पॅनेलशी काही नातं नाही हो दादा. पॅनेल चित्राला हात लावत नाही, माउसने जे आकडे बदलतात तेच ते बदलतं. तुम्ही रिव्ह्यूबरोबर जो फोटो टाकलाय तो मी मोठा करून बघितला, तुमच्या स्क्रीनच्या मागची अख्खी भिंत पोपटी आहे. डोळा आजूबाजूच्या रंगाला सरावतो. मागे तासन्‌तास हिरवं असलं की समोरचं बरोबर चित्रसुद्धा किंचित गुलाबी वाटायला लागतं, मग आपण नकळत त्यात हिरवा ढकलतो, आणि तीच फिल्म दुसऱ्याच्या घरी पांढऱ्या भिंतीसमोर हिरवट दिसते. मी खात्रीने हेच कारण असं म्हणत नाही, क्लायंटचा टीव्ही व्हिव्हिड मोडवर असू शकतो, तुमच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचे रंगही सरकलेले असू शकतात. पण भिंत सगळ्यात स्वस्तात सुटणारी गोष्ट आहे, राखाडी डिस्टेंपरचा एक हात मारा, ते जमेपर्यंत राखाडी चादर टांगा, आणि खोलीतला पिवळा बल्ब बंद करून ६५०० केल्विनचा पांढरा दिवा स्क्रीनच्या मागे लावा. त्यानंतर मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या, म्हणजे त्याचे रंग मोजून बरोबर लावून घ्या, रेक ७०९ (एचडी टीव्हीच्या रंगांचं स्टँडर्ड), अंधाऱ्या खोलीत मॉनिटरचा गॅमा २.४ (हा चाकाचा गॅमा नव्हे), ब्राइटनेस १०० निट्सच्या आसपास. आणि एक्सपोर्ट मारायच्या आधी स्कोप (रंग मोजून दाखवणारे आलेख) बघत जा, त्यातल्या वेक्टरस्कोपवर स्किन टोनची रेघ असते, भिंत कुठलीही असली तरी ती रेघ हलत नाही. माझ्याकडे कोणी एकाच गोष्टीचे पैसे घेऊन आला आणि त्याच्याकडे बरा मॉनिटर नसेल तर मी त्याला आधी मॉनिटर घ्यायला सांगतो आणि पॅनेल पुढच्या सीझनला. तुमच्या वेळी मी दुकानात नव्हतो, पण मुलांना हे शिकवायचं काम माझंच होतं.

परतीचं बोलतो. सील फुटलेला माल घेत नाही हा आमचा नियम आहे आणि मुलाने तो पाळला, त्याच्यावर राग धरू नका. पण चुकीची वस्तू आम्हीच दिली असेल तर तो नियम तुम्हाला लागू होत नाही, हे मी आज सगळ्यांना सांगितलंय. तुम्ही पॅनेल घेऊन या, पूर्ण पैसे धरून रिपल देतो आणि किमतीत जो फरक निघेल तो तुमच्या खात्यावर परत करतो. रिपल नको असेल तर सगळे पैसे परत, काही कापणार नाही.

फक्त एक विनंती, ठरवायच्या आधी विचार करा. तुळशीचं लग्न झालं की तुमचा सीझन सुरू, आणि सीझनच्या तोंडावर सॉफ्टवेअर बदलू नका. प्रीमियरमध्ये एडिट करून एक्सएमएलने (टाइमलाइनची माहिती नेणारी फाइल) रिझॉल्व्हमध्ये नेऊन ग्रेड करणारे खूप जण आहेत, आणि मायक्रो रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्येही चालतं, त्यामुळे तो रस्ता तुम्हालाही मोकळा आहे. पण नेस्ट केलेल्या (एकात एक टाकलेल्या) सिक्वेन्स, अ‍ॅडजस्टमेंट लेयर, प्रीमियरचे इफेक्ट तिकडे नीट जात नाहीत, स्पीड रँपही (क्लिपचा वेग हळूहळू बदलणं) तपासून घ्यावा लागतो. हे सगळं शांतपणे शिकायची तयारी असेल तरच मायक्रो ठेवा. नाहीतर रिपल, माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी रिपलच.

येताना एखाद्या लग्नाच्या ८-१० क्लिप पेनड्राइव्हवर आणा, त्यातली एक तरी हळदीची असू द्या. दोन्ही पॅनेलं लावून ठेवतो, तुमच्याच फुटेजवर बसा, हवा तेवढा वेळ घ्या. बुधवार सोडून कधीही या, संध्याकाळी ५ नंतर मी असतोच. बॉक्स, केबल असेल तर आणा, बॉक्स टाकून दिला असेल तरी चालेल, बिलाची कॉपी आमच्याकडे आहे.