निकालानंतरचे पंधरा दिवस

ग्रामपंचायतीचा निकाल लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पराभूत गट तहसील कार्यालयात सह्यांचे निवेदन देतो आणि चौकशीची वाट पाहत बसतो. याचे मला फार वाईट वाटते, कारण जाहीर झालेला निकाल रद्द करण्याचा अधिकार तहसीलदारांकडे नसतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 नुसार निकाल जाहीर झाल्यापासून 15 दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज करावा लागतो. तो अर्ज पडलेल्या उमेदवाराप्रमाणेच गावातला कोणताही मतदार करू शकतो. निवेदनाच्या पोचपावतीने ही मुदत थांबत नाही.

निवडून आलेला सदस्य मुळातच अपात्र असेल, तर कलम 16 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. आमच्या भागात ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान, जमिनीवरील अतिक्रमणाची प्रकरणे याच वाटेने जातात. मूळ अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्याने केले असले, तरी त्या जागेत राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात स्पष्ट केले आहे.

सर्वांत मोठा अन्याय मात्र उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या दिवशी होतो. चुकीच्या कारणाने अर्ज बाद झाला, तरी निवडणूक सुरू असताना न्यायालये सहसा हात घालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पोन्नुस्वामी प्रकरणात 1952 साली घालून दिलेले हे तत्त्व आहे, आणि पंचायतींसाठी संविधानाच्या अनुच्छेद 243-ओ मध्येही तसाच प्रतिबंध आहे. प्रत्येक आक्षेपावर स्थगिती मिळू लागली तर एकही निवडणूक वेळेवर होणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची जबाबदारी कितीतरी वाढते. क्षुल्लक त्रुटीवरून अर्ज बाद झाला, तर उमेदवाराला दाद मागायला निकालानंतरचा दिवस उजाडावा लागतो, आणि ज्या मतदारांना त्याला मत द्यायचे होते त्यांची संधी तोवर गेलेली असते.

म्हणून माझी ठाम मागणी आहे की अर्ज बाद करण्याचा सकारण लेखी आदेश त्याच दिवशी उमेदवाराच्या हाती पडावा आणि सूचना फलकावरही लागावा. उमेदवारांनीही आक्षेप आणि त्यावरचे उत्तर तोंडी न देता लेखी द्यावे. फेरमोजणी हवी असेल, तर तिची मागणी निकाल जाहीर होण्यापूर्वी, मतमोजणीच्या टेबलावरच लेखी नोंदवावी. पुढे न्यायालयात हेच कागद पुरावा म्हणून उभे राहतात.

न्यायालयांनीही निकालाविरुद्धचे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढावेत. पाच वर्षांची मुदत संपत आल्यावर मिळालेला निर्णय गावाच्या काहीच कामाचा नसतो.