"गेमबिम घरी!"

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

सकाळी भाच्याला घेऊन आमच्या पेठेतल्या लायब्ररीत गेले होते. आठवीत आहे तो. गेले तीन महिने माइनक्राफ्ट नावाच्या व्हिडिओ गेममध्ये राजगड बांधतोय. दिवाळीत आपण दगड, पोती, चिखल जमवून किल्ला करायचो ना, तसाच, फक्त ठोकळ्यांचा. पद्मावती झाली, सुवेळा झाली, संजीवनी माचीपाशी गाडी अडली. "मावशी, चिलखती बुरूज म्हणजे काय गं?" मला धड सांगता येईना. मग याच लायब्ररीतून किल्ल्यांवरची दोन पुस्तकं नेली. ज्या पोराने अवांतर म्हणून एक पान कधी उलटलं नव्हतं, त्याने ती नकाशांसकट वाचून काढली. बुरुजाच्या बाहेरून आणखी एक भिंत, मध्ये माणूस जाईल एवढी वाट, हे आता तो मला समजावून सांगतो.

आज पुस्तकं परत करताना त्याने हौसेने काउंटरवर लॅपटॉप उघडला. काउंटरवरचे काका म्हणाले, "हे गेमबिम घरी. इथे वाचायला यायचं." त्याने गुपचूप लॅपटॉप मिटला. घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

अहो, तो वाचूनच आला होता!

गेल्या वर्षी मी तिथे सुचवलं होतं की रविवारी दोन तास मुलांसाठी व्हिडिओ गेम ठेवा, शेजारी त्या-त्या विषयाची पुस्तकं मांडा. "उद्या पत्त्यांचा अड्डाही काढा," असं उत्तर मिळालं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ साली सांगून ठेवलंय की ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, हार घालायचा आणि ऐकायचं मात्र काही नाही. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेने २००८ मध्येच लायब्रऱ्यांमधून खेळांचा दिवस सुरू केला, त्यात व्हिडिओ गेमही होते. २०२० मध्ये रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स या पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेने तर याच माइनक्राफ्टच्या आत एक अख्खी लायब्ररी उभी केली, जिथे लिखाण दाबलं जातं तिथल्या मुलांना ते गेममध्ये शिरून वाचता यावं म्हणून. आणि आपल्याकडे बालविभागाला दुपारी कुलूप.

डोळे बिघडतात, नाद लागतो, हे मान्य. पण नाद एकट्याने, रात्री, पांघरुणात फोन घेऊन लागतो. चार मुलं एकत्र, वेळ ठरलेली, समोर ग्रंथपाल, यात कसला नाद? शिवाय ज्यांच्या घरी कॉम्प्युटरच नाही, त्या पोरांनी कुठे जायचं? वर्गणी भरून पुस्तकं वाटून घेता येतात म्हणूनच तर लायब्ररी असते ना?

काउंटरवरच्या काकांवर खरंतर राग धरवत नाही. मी परकरात होते तेव्हा पुस्तक संपलं की दुसरं हातात ठेवणारे हेच. अनुदान वेळेवर येत नाही, पगार तुटपुंजा, एकटा माणूस किती बघणार? पण आज त्यांनी एकदा मान वळवून तो बुरूज बघायला हवा होता. एकदाच. कारण तो त्यांच्याच कपाटातून निघालाय.

संध्याकाळी पोरगं पुन्हा बसलंय, संजीवनीची बाहेरची भिंत चढवतोय. मी काकांना फोन केला. "रविवारी मी स्वतः येते, लॅपटॉप माझा, वीज तुमची, फक्त बालविभाग उघडून द्या." "बघू," म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

कुणाकडे जुना, चालू लॅपटॉप पडून असेल तर कळवा. एकावर चार मुलं बसवायची म्हणजे भांडणं होतील.