खुलासा : जॉन गॅग्लियार्डी यांच्याबद्दलचा तो मेसेज

‘सरावच न घेता, एकही सामना न हरता 489 विजय’ मिळवणाऱ्या अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक गॅग्लियार्डी यांच्याबद्दलचा मेसेज फिरतोय. 489 विजय खरे आहेत, बाकीचं नाही. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) नोंदींत त्यांच्या नावावर 138 पराभव आणि 11 बरोबरीही आहेत.

मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या छोट्या कॉलेजात 1953 ते 2012 त्यांनी संघ घडवला. त्याआधी चार वर्षं मोंटानातल्या कॅरोल कॉलेजात. सराव नियमित व्हायचा, फक्त त्यात टॅकल करून आपल्याच खेळाडूला पाडायला मनाई होती. शिट्टी नाही, ‘कोच’ म्हणणं नाही, सगळे त्यांना नुसतं ‘जॉन’ म्हणत. (मला तर हेच जास्त नवलाचं वाटतं.) ‘सरावच नाही’ हा गैरसमज टॅकलच्या मनाईवरूनच झाला असावा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा टाका.