मीलवर्म ‘पूर्णान्न’ नाही, आणि पोट फाडून बाहेरही येत नाही

‘घरच्या घरी मीलवर्म : पाळीव सरडे-पालींचं पूर्णान्न’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मीलवर्म म्हणजे एका भुंगेऱ्याच्या अळ्या, पाळीव सरड्या-पालींना खायला देतात त्या. शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’. मी दुर्लक्ष करत होते. पण परवा भाची सहज म्हणाली, ‘‘मावशी, आता अळ्या घरच्याच देते ना, म्हणून कॅल्शियमची पावडर बंद केली.’’ तिची लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल, अजून वर्षाचीही नाही. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

तेव्हा आधी पावडरच. मेसेज म्हणतो, ‘विकतच्या अळीत कॅल्शियम नसतं, घरी प्रेमाने वाढवलेल्या अळीत भरपूर असतं, वरून काही लावू नका.’ अहो, अळी घरात वाढली काय नि कारखान्यात वाढली काय, तिला हाडं फुटत नाहीत. तिचं कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं असतं, त्यात कॅल्शियम नावापुरतं. मार्क फिंके यांनी २००२ मध्ये ‘झू बायॉलॉजी’ या नियतकालिकात खाद्य म्हणून वापरल्या जाणाऱ्या कीटकांचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. त्यात एक किलो जिवंत मीलवर्ममध्ये कॅल्शियम १६९ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २,८५० मिलिग्रॅम भरलं. जवळजवळ सतरा पट! किडे खाणाऱ्या सरड्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने, शक्यतो दीडपट-दुप्पट लागतं. आणि ‘त्या अळ्या विकतच्या होत्या’ ही पळवाट नको. घरी आपण त्यांना ठेवतो कोंड्यात, आणि कोंड्यात फॉस्फरसच जास्त.

कॅल्शियम कमी पडलं की काय होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा पाहायला हवं होतं. रक्तातली पातळी घसरली की पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढायला लागते. जबडा मऊ पडतो, इतका की बोटाने दाबला तर वाकतो. पायांना बाक येतो, बोटं थरथरतात, पोट जमिनीवरून उचलत नाही, आणि उडी मारली तरी हाड मोडतं. वाढत्या वयाच्या पिल्लांना आणि अंड्यावर आलेल्या माद्यांना हे सगळ्यात आधी गाठतं. वेळेत लक्षात आलं तर प्राणी वाचतो, पण वाकलेलं हाड सरळ होत नाही. म्हणून पावडर हवीच. सोबत डी-३ जीवनसत्त्व किती आणि कितीदा, हे सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला विचारा, कारण ते जास्त झालं तरी घातक. बिअर्डेड ड्रॅगन या सरड्यासारखा दिवसा ऊन खाणारा प्राणी असेल तर यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारा दिवाही लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच यूव्हीबी अडवते.

पावडर लावायलाही थोडी अक्कल लागते. मीलवर्मचं अंग गुळगुळीत, चकचकीत असतं. सकाळी पावडर लावून वाटीत सोडल्या तर संध्याकाळपर्यंत सगळी पावडर वाटीच्या तळाशी आणि अळ्या स्वच्छ. प्राणी लगेच खाईल एवढ्याच अळ्या छोट्या डबीत घ्या, चिमूटभर पावडर टाका, डबी गोल फिरवा आणि तडक समोर ठेवा.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. घरच्या अळीने काय खाल्लंय ते आपल्याला ठाऊक असतं आणि ती उपाशी नसते, हे मेसेजचं म्हणणं खरं आहे. खाऊ घालण्याआधी दोन-तीन दिवस अळ्यांना कॅल्शियमयुक्त खाद्य दिलं तर त्यांच्या आतड्यातून ते थोडंफार प्राण्याच्या पोटात जातं. पण ‘गाजर खाल्लेली अळी म्हणजे कॅल्शियमची गोळी’? गाजराने अळीला पाणी मिळतं. कॅल्शियमच्या नावाने गाजरात फार काही नाही.

आता ते प्रसिद्ध वाक्य : ‘डोकं चिरडल्याशिवाय अळी देऊ नका, ती पोट कुरतडून बाहेर येते.’ हे वाचून कितीजणांनी चिमटा हातात घेतला असेल देव जाणे. गेको अळी पकडतो तेव्हा नीट बघा. जबड्यात दोन-तीनदा कचाकचा दाबतो, मगच गिळतो. त्यातून धडधाकट सुटली तरी पुढे आम्ल आहे आणि श्वासाला हवा नाही. ही अफवा कुठून आली असावी, याचा अंदाज बांधता येतो. मीलवर्म मेलेलं काहीही खातात. प्राणी आजाराने मेला, काचपेटीत उरलेल्या अळ्या त्याला लागल्या, आणि सकाळी मालकाला वाटलं की आतून आल्या. यातला खरा धोका वेगळाच आहे. न खाल्लेल्या अळ्या रात्रभर पेटीत मोकळ्या राहिल्या तर आजारी किंवा मरगळलेल्या प्राण्याला कुरतडू शकतात. त्यावर उपाय म्हणजे गुळगुळीत कडांची वाटी आणि उरलेल्या अळ्या उचलून घेणं. डोकं चिरडलं की अळीची वळवळ थांबते, आणि बरेच सरडे हलणारंच भक्ष्य ओळखतात. मग ‘आमचा गेको खातच नाही’ म्हणून पुन्हा मेसेज.

थर्माकोलचा सल्ला तर कहर आहे. ‘डब्यात थर्माकोल टाका, खाद्याचा खर्च शून्य, पर्यावरणाचीही सेवा.’ मीलवर्म थर्माकोल खातात, हे खरं. स्टॅनफर्ड आणि बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ते दाखवलं. त्यात शंभर अळ्यांनी दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खाल्लं. म्हणजे एक ग्रॅम संपवायला त्यांना साधारण चार आठवडे! खाल्लेल्यातल्या जवळजवळ निम्म्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड वायू झाला, उरलेलं बहुतांश विष्ठेतून बारीक कणांच्या रूपात बाहेर पडलं. नुसत्या थर्माकोलवर अळ्या जगतात, पण अंग धरत नाहीत. तो प्रयोग प्लॅस्टिकचं काय करायचं यासाठी होता, तुमच्या पालीला काय वाढायचं यासाठी नव्हता. नुसतं कवच आणि पोटात प्लॅस्टिकचा चुरा, असलं भक्ष्य देऊन काय साधणार?

बाकीचे मुद्दे पटापट. ‘पाण्याची वाटी ठेवा’ : ठेवू नका. अळ्या बुडतात, कोंडा ओला होतो, बुरशी येते आणि मागोमाग माइट्स, म्हणजे बारीक कोळीकिडे. गाजराचा किंवा बटाट्याचा तुकडा पुरतो, सुकायच्या किंवा बुरसायच्या आत बदला. ‘पांढऱ्या अळ्या रोगट’ : नाही. नुकती कात टाकलेली अळी पांढरी आणि मऊ असते, खायला तीच सोपी. ‘न हलणाऱ्या पांढऱ्या गाठी मेलेल्या, फेकून द्या’ : ते कोष आहेत. हलकेच बोट लावा, शेपटाकडचं टोक वळवळेल. ते फेकले तर भुंगेरे कुठून येणार आणि अंडी कोण घालणार? कोष वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर अळ्या आणि भुंगेरेच त्यांना खातात.

‘पंधरा दिवसांत दुप्पट’ हे तर एखाद्या गुंतवणूक योजनेची जाहिरात वाटते. अंडी फुटायला एक-दोन आठवडे, अळी पोसायला उबदार जागेतही दोन-तीन महिने, थंडीत आणखी, मग कोषात एक ते तीन आठवडे. पहिले काही महिने डब्यात नुसताच कोंडा दिसतो आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून डबा रिकामा करतात. खाली बसलेली बारीक भुकटी चाळून टाकायच्या आधी ती उजेडात धरून पाहा. हलत असेल तर ती विष्ठा नाही, पिल्लं आहेत.

राहता राहिला फ्रिज, म्हणजे अळ्या थंडीत साठवून ठेवणं. आठ-दहा अंशांना मीलवर्मची वाढ मंदावते, काही आठवडे सहज काढतात, पण दर आठवड्याला बाहेर काढून खायला द्यावं लागतं. मेसेजमधल्या फोटोत मात्र जाडजूड सुपरवर्म आहेत. ती वेगळी जात आहे, फ्रिजमध्ये मरते.