'किडनीच्या पेशंटला काही सांगू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'किडनीच्या पेशंटला रिपोर्ट दाखवू नका, टेन्शन येतं. डायलिसिसने थकलेल्या माणसाला नीट विचार करता येत नाही. सही मुलाने करावी, निर्णय घरच्यांनी घ्यावेत. हेच खरं प्रेम.' मी स्वतः डायलिसिसवर आहे. हा मेसेज पुढे पाठवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी रिपोर्टचं. भेटायला येणारी माणसं मायेने शहाळं आणतात, आणि शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. आपलं पोटॅशियम किती वाढलंय हेच ज्याला ठाऊक नाही, तो ते पिणारच. आणि पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. घरचे चोवीस तास पहारा देणार आहेत का?

थकवा खरा आहे. चार तास मशीनवर काढले की घरी येऊन नुसतं पडावंसं वाटतं. मग त्या संध्याकाळी विचारू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारा. पण थकलं म्हणून डोकं बंद पडत नाही. माझ्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली धमनी आणि शीर. रोज उठल्याबरोबर त्यावर बोटं ठेवून मी आतली थरथर चाचपते. ती लागली नाही तर तडक हॉस्पिटल गाठायचं असतं. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, तिथून तपासणीला रक्त काढायचं नाही. नवी सिस्टर पट्टा घेऊन आली, की 'सिस्टर, तो हात नको' हे मीच सांगते. मशीनने अंगातलं पाणी जास्त ओढलं की पायात गोळे येतात, तेही आधी मलाच कळतं.

सहीबद्दलचा सल्ला तर कायद्यालाच धरून नाही. समीरा कोहली या रुग्णाच्या खटल्यात तिला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. सज्ञान रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असेल आणि जिवावरची घाई नसेल, तर आईचीही संमती चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला.

राहिलं प्रेम. आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं, की पोटाचं डायलिसिस शिकून दिवसातून तीन-चार वेळा घरीच पोटात सोडायच्या द्रवाची पिशवी बदलायची? डॉक्टरांच्या मते दोन्ही चालणार असेल, तर नोकरी, प्रवास, झोप यांचा हिशेब मीच मांडायला हवा. घरच्यांनी त्या पिशव्यांची खोकी उचलावीत, मी विसरलेला प्रश्न डॉक्टरांपुढे आठवून द्यावा, माझं चुकतंय असं वाटलं तर भांडावंसुद्धा. डॉक्टरांनी 'मग काय ठरलं?' असं विचारलं, की उत्तर मात्र मी देणार.