रायतूरची सेमिनरी: १७६२ की १६१०?

गोव्यातल्या रायतूरच्या सेमिनरीवरच्या (ख्रिस्ती पुरोहित घडवणाऱ्या विद्यालयावरच्या) एका लेखात तिची सुरुवात १७६२ अशी दिली आहे. ते साल धर्मप्रांताने तिथे पुरोहित-प्रशिक्षण सुरू केल्याचे. वास्तू त्याआधीची. १६०६ मध्ये पायाभरणी झाली, १६१० मध्ये जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे मडगावचे कॉलेज तिथे हलले, पुढे त्याला संत इग्नेशियस लोयोलाचे नाव मिळाले. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने जेझुइटांना हाकलले म्हणून इमारत मोकळी झाली.

मराठी वाचकाला या जागेची खरी ओळख छापखान्यामुळे असायला हवी. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण', म्हणजे बायबलमधली कथा सांगणारे काव्य, १६१६ मध्ये इथेच छापले गेले. मराठी ओवी, पण रोमन लिपीत! रोमन लिपी निवडण्यामागे लेखात फक्त धर्मप्रसाराचे धोरण दिसते, तेवढे पटत नाही. १६०८ च्या पत्रात स्टीफन्सने संघाच्या रोममधल्या प्रमुखांना लिहिले होते की, इथल्या लिपीत पुस्तके छापावीत ही त्याची फार वर्षांची इच्छा आहे. अडचण खिळ्यांची, म्हणजे छपाईसाठी ओतायच्या धातूच्या अक्षरांची. युरोपात २४ साच्यांत भागते, इथे व्यंजनाला स्वर जोडून प्रत्येक अक्षर वेगळे होते, म्हणजे सुमारे ६०० साचे ओतायचे. शिवाय वरिष्ठांची परवानगीही हवी होती.

रोमनमध्ये 'न' आणि 'ण' कसे वेगळे करायचे? 'ण'साठी एन दोनदा, म्हणून 'पुराण'मध्ये जोडएन दिसतो. ही खूण माहीत नसली की जुनी प्रत वाचणारा 'पुरान्न' असे वाचतो आणि भाषाच मोडकी होती असा समज करून घेतो. ती मोडकी नाही, उत्तम मराठी आहे.