गिरणीच्या जागेवर फ्लॅट : त्या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासा

गावातल्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. बंद गिरणीची जागा नुसती पडीक आहे, तिथं खाली दुकानं वर फ्लॅट झाले की मुंबईसारखी कामगाराइले घरं भेटतील, फ्लॅट हातोहात विकतील, म्हून पाडापाडीले कोणी आडवं येऊ नका. माझा बांधकामाले विरोध नाही, पण मेसेज अर्धवट आहे.

"मुंबईसारखी". मुंबईत १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन हिस्से होते, एक पालिकेच्या मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, घरांसाठी, एक मालकाले. २००१ मध्ये नियम बदलला आन वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची राहिली, शेड पाडून मोकळी झालेली जागा वाटणीतून बाहेर. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. आता गिरणीत शेड सोडून मोकळी जागा असते तरी किती? मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १९८२ चा, आन कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली लॉटरी २०१२ ले, तीस वर्षांत कितीतरी म्हातारे वाट पाहत गेले. वरून तो हिश्श्याचा नियम मुंबईचा, आपल्या नगरपरिषदेत लागूच नाही, मग इथं घर कोणत्या कागदावर भेटणार?

"पडीक". गिरणीच्या चाळीत अजून माणसं राहतात आन कितीतरी जणांची ग्रॅच्युइटी बाकी आहे. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत बंद कारखान्याच्या जागेवर घरं काढायची तर कामगारांच्या देण्यांबाबत कामगार आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते निघालं का, एवढं नगरपरिषदेत लेखी विचारा, तोंडी नाही.

"हातोहात विकतील". आपल्याकडं माणूस प्लॉट पाहतो, आंगण पाहतो. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवणारा शेतकरी तो तिसऱ्या माळ्यावर चढवणार का? दुकानं चालतील, बाजाराच्या रस्त्यावर आहेत.

आन पाडापाडी. शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे असतात, कोरडे फोडले की त्याचे बारीक तंतू हवेत उडतात आन फुफ्फुसात बसतात, कॅन्सर होऊ शकते त्यानं. पत्रे ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे, मजुराले साधा रुमाल चालत नाही, नीट मास्क द्यायचा, तुकडे कुठं टाकणार तेही आधी ठरवायचं. हे ठेकेदाराच्या करारात लिहून घेतल्याशिवाय नगरपरिषदेनं पाडायची परवानगी देऊ नये.